‘आई, मी ठीक आहे’ : मेसेजमुळे आपले बोलणे पोकळ होते आहे का?

गावाकडून पुण्या-मुंबईला किंवा दिल्लीला शिकायला गेलेल्या कोणत्याही मुलाचे घरच्यांशी झालेले चॅट उघडून पाहा. बहुतेक ठिकाणी साचा एकच असतो. ‘जेवलास का?’ ‘हो.’ ‘पेपर कसा गेला?’ ‘चांगला.’ ‘तब्येत?’ ‘ठीक.’ मध्येच मेसच्या पैशांचा स्क्रीनशॉट, सकाळी ‘जय भीम, सुप्रभात’चे स्टिकर आणि रात्री पुन्हा ‘जेवलास का?’ वरून पाहिले तर हा रोजचा संपर्क आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी वसतिगृहात राहिलेल्या पिढीच्या वाट्याला तो आला नव्हता. तरीही तीन वर्षे रोज मेसेज करणाऱ्या मुलाचे नेमके काय चालले होते, हे घरच्यांना निकाल लागल्यावर किंवा तो अचानक सामान घेऊन परतल्यावर कळते, असे अनेक घरांत घडते.

‘मोबाईलमुळे संवाद संपला’ हे वाक्य आपण प्रत्येक व्याख्यानात ऐकतो. ते इतके सरसकट आहे की त्यातून काही हाती लागत नाही. मेसेजमुळे नाती पोकळ होतात का, की जे बोलणे पूर्वी होतच नव्हते तेही आता होऊ लागले आहे? याचे उत्तर शोधायचे तर आवाजात काय असते आणि अक्षरात काय उरते, हे जरा तपशिलात पाहावे लागेल.

आधी थोडा इतिहास. मेसेजची सवय आपल्याला काटकसरीतून लागली. घरी बोलायचे तर एसटीडी बूथ गाठावा लागे. रात्री दर उतरत, म्हणून तेव्हा बूथबाहेर रांग लागे. समोरच्या मीटरवर आकडे पळत असत आणि माणसे श्वास न घेता बोलत. मोबाईल आला तरी मिनिटाला पैसे पडतच होते. म्हणून मिस्ड कॉलची भाषा तयार झाली : एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे तू फोन कर. एसएमएस त्या मानाने स्वस्त होता. जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला. त्यात नाताळच्या शुभेच्छेचे दोन शब्द होते. पुढे २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि बोलण्याचे वेगळे पैसे मोजणे जवळपास थांबले.

गंमत अशी की बोलणे फुकट झाल्यावर आपण जास्त टाइप करू लागलो. म्हणजे आज आपण पैशांसाठी टाइप करत नाही, टाइप करणे आपल्याला सोयीचे वाटते म्हणून करतो. फोन केला तर समोरचा कामात असेल, काय बोलायचे ते सुचणार नाही, मध्येच शांतता पसरेल, अवघडल्यासारखे होईल. मेसेजमध्ये हे काहीच नाही. हवे तेव्हा लिहावे, खोडावे, पुन्हा लिहावे.

ही भीती कितपत खरी आहे, याची तपासणी अमेरिकेत अमित कुमार आणि निकोलस एपली या दोन मानसशास्त्रज्ञांनी केली. २०२१ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अनेक दिवस संपर्क नसलेल्या एखाद्या जुन्या मित्राशी पुन्हा बोलायचे आहे, तर फोन कराल की ईमेल, असे त्यांनी लोकांना विचारले. फोनवर जवळीक जास्त वाटेल हे लोकांना कळत होते, पण अवघडलेपणाच्या भीतीने बरेच जण ईमेलकडे झुकले. मग प्रत्यक्षात काहींना फोन करायला लावले, काहींना ईमेल. फोन करणाऱ्यांना जास्त जवळीक वाटली, आणि ज्याची भीती होती ते अवघडलेपण ईमेलपेक्षा जास्त काही नव्हते. अनोळखी लोकांवर केलेल्या पुढच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. व्हिडिओवर चेहरा पाहून बोलणे आणि नुसत्या आवाजावर बोलणे यांत जवळिकीच्या बाबतीत फारसा फरक पडला नाही. मोठा फरक पडला तो आवाज असणे आणि नसणे यात. जवळीक निर्माण करण्याचे बरेचसे काम आवाजच करत होता.

शरीराच्या पातळीवर हेच दाखवणारा एक प्रयोग विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्टझर, सेथ पोलॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण आठ ते बारा वर्षांच्या मुलींना अनोळखी परीक्षकांसमोर भाषण करायला आणि गणिते सोडवायला लावली. कुणीही घाबरेल अशीच परीक्षा. ती झाल्यावर काही मुलींना आई प्रत्यक्ष भेटली, काहींना आईशी फोनवर बोलता आले, काहींनी संगणकावर आईशी चॅट केले आणि काहींचा आईशी काहीच संपर्क झाला नाही. मग त्यांच्या शरीरातली दोन संप्रेरके मोजली : ताणात वाढणारे कॉर्टिसॉल आणि आपुलकीच्या, जवळिकीच्या अनुभवाशी जोडलेले ऑक्सिटोसिन. आईला भेटलेल्या आणि तिच्याशी फोनवर बोललेल्या मुलींचे ऑक्सिटोसिन वाढले, कॉर्टिसॉल उतरले. चॅट करणाऱ्या मुलींच्या शरीरात मात्र, आईशी संपर्कच न झालेल्या मुलींसारखेच चित्र दिसले. आईने लिहिलेले शब्द धीराचेच होते, पण शरीरापर्यंत तो धीर पोहोचला नाही.

या प्रयोगाचा अर्थ फार ताणू नये. तो लहान मुलींवर झाला, आईच्याच बाबतीत झाला, आणि आजच्या पिढीला चॅटची जितकी सवय आहे तितकी त्या मुलींना नसेल. पण परीक्षेच्या आदल्या रात्री घाबरलेल्या बहिणीला ‘टेन्शन घेऊ नको’ लिहून वर तीन इमोजी पाठवणाऱ्या भावाने तो लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता अक्षरांकडे येऊ. मराठीतला एकच शब्द घ्या : ‘बरं’. आई कामावरून आल्यावर आपण काही सांगतो आणि ती ‘बरं’ म्हणते. मान्य आहे, असा एक ‘बरं’. ‘बरंऽऽ’ असा लांबवला तर विश्वास बसलेला नाही. ‘बरं बरं’ म्हणजे पुरे झाले. ‘बरं का’ म्हणजे जपून, किंवा नीट ऐक. आणि खालच्या आवाजात, मान फिरवून म्हटलेला ‘बरं’ म्हणजे मला लागले आहे, पण मी बोलणार नाही. ज्या घरात आपण वाढलो त्या घरातले हे सगळे ‘बरं’ आपल्याला न शिकवता कळतात. मेसेजमध्ये ते सगळे एका ‘बरं’मध्ये कोंबले जातात आणि वाचणारा आपल्या त्या वेळच्या मनःस्थितीप्रमाणे त्यातला एक निवडतो. ‘राहू दे’चे तेच. ‘बघू’चे तेच. आपल्याकडे ‘बघू’ म्हणजे बहुतेक वेळा नाहीच, पण किती नाही हे आवाजात असते.

त्यात आपण मराठी लिहितो रोमन लिपीत. याला कारण आहे. एका एसएमएसमध्ये इंग्रजी १६० अक्षरे मावत, पण देवनागरीत लिहिले की संदेशाची मर्यादा ७० वर येई, आणि त्या ७० मध्ये काना-मात्रा-वेलांट्याही मोजल्या जात. शिवाय सुरुवातीच्या कितीतरी हँडसेटवर देवनागरी दिसतच नसे, नुसते चौकोन दिसत. आता ती अडचण उरलेली नाही, सवय उरली आहे. रोमनमध्ये बी-ए-आर-ए लिहिले की ते ‘बरा’, ‘बारा’ की ‘बरं’? एम-ए-आर-ए-टी म्हणजे ‘मरत’ की ‘मारत’? संदर्भाने बहुतेक वेळा उलगडते, पण घाईत, रागात किंवा काळजीत वाचणाऱ्याला संदर्भ शोधायला सवड नसते. देवनागरी कीबोर्ड फुकट आहे. निदान घरच्या माणसांशी तरी तो वापरायला काय हरकत आहे?

लिहिणाऱ्याला मात्र वाटत असते की आपला सूर पोहोचला. हा भ्रम किती मोठा असतो, हे २००५ च्या एका अभ्यासात दिसले. जस्टिन क्रुगर, वर उल्लेख आलेले एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना काही वाक्ये गंभीरपणे आणि काही उपरोधाने सांगायला लावली, काहींना ईमेलने आणि काहींना आवाजातून. दोन्ही गटांना खात्री होती की आपला उपरोध समोरच्याला सहज कळेल. आवाज ऐकणाऱ्यांनी साधारण चारपैकी तीन वेळा बरोबर ओळखले. ईमेल वाचणाऱ्यांचे उत्तर नाणेफेकीपेक्षा थोडेसेच बरे निघाले. आणि चुकीचे वाचणाऱ्यांनाही आपण बरोबरच वाचले असा पक्का विश्वास होता. लिहिणारा स्वतःचे वाक्य स्वतःच्या डोक्यातल्या आवाजात ऐकत असतो. वाचणाऱ्याकडे तो आवाज नसतो, आणि तो नाही याची दोघांनाही जाणीव नसते.

चळवळीत काम करणाऱ्यांनी हे वाचून आपापले ग्रुप आठवावेत. जयंतीची वर्गणी गोळा झाली आहे. एक जण लिहितो, ‘हिशोब कधी मिळणार?’ त्याला खरोखर तारीख हवी आहे, कारण त्यालाही पुढे कुणाला तरी सांगायचे आहे. खजिनदाराला मात्र ते वाक्य ‘पैसे खाल्लेस का?’ असे वाचू येते. तो दोन ओळींत तिखट उत्तर देतो. दीडशे लोक ते वाचत असतात, म्हणून आता माघार घेणे दोघांनाही कमीपणाचे वाटते. तिसरा एक अंगठा उमटवतो, तो कुणाच्या बाजूने हे कळत नाही. रात्री साडेअकराला एक जण ग्रुप सोडतो. हाच प्रश्न विहारातल्या बैठकीनंतर चप्पल घालता घालता विचारला असता, तर खजिनदार म्हणाला असता, ‘अरे, मंडपवाल्याचं बिल यायचंय, रविवारी देतो.’ वस्तीवस्तीत एकाच्या दोन जयंती समित्या झाल्या त्याची कारणे वेगळी आणि मोठीही असतील, पण त्या फुटींतल्या काही तरी अशा एका ओळीपासून सुरू झाल्या असाव्यात, असे मला वाटते.

समोरासमोर बोलताना गैरसमज होत नाहीत असे मुळीच नाही. भरपूर होतात. पण तिथे ते जागीच दुरुस्त होतात. दहा वेगवेगळ्या भाषांतल्या संभाषणांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाचे बोलणे संपल्यावर दुसऱ्याने सुरू करेपर्यंतचा वेळ सगळ्या भाषांत सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघाला, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. एवढ्या जवळ असल्यामुळे आपण बोलता बोलताच वाक्य बदलतो. समोरच्याच्या कपाळावर आठी दिसली की ‘तसं नाही गं, म्हणजे...’ असे म्हणून वळण घेतो. ‘हं’, ‘हो का’, ‘मग?’ हे छोटे हुंकार नसतील तर बोलणाऱ्याला अर्ध्या मिनिटात वाटते की पलीकडे कुणी नाही. फोनवर आपण ‘हॅलो, आहेस ना?’ म्हणतो ते त्यामुळेच.

मग एक प्रश्न उरतो. आवाज नसणे ही इतकी मोठी उणीव असेल तर पत्रांचे काय? लंडनमध्ये शिकत असताना बाबासाहेबांनी रमाईंना पत्रे लिहिली. नाशिकच्या दादासाहेब गायकवाडांना त्यांनी लिहिलेली पत्रे आज ग्रंथरूपात उपलब्ध आहेत आणि चळवळीचा मोठा भाग त्या पत्रव्यवहारातून उभा राहिलेला दिसतो. त्या लिखाणाला कुणी पोकळ म्हणणार नाही.

फरक लिहिण्या-बोलण्याइतकाच अपेक्षेतही आहे. पत्र लिहिणाऱ्याला माहीत असे की उत्तर यायला आठवडे लागतील. म्हणून तो सगळे लिही : काय झाले, का झाले, त्यावर त्याला काय वाटते, समोरच्याने काय करावे, घरात कोणाची विचारपूस करावी. पत्रात गैरसमजाची जागा दिसली की ती तिथेच बुजवावी लागे, कारण नंतर संधी नव्हती. मेसेज मात्र पत्रासारखा अक्षरात असतो आणि बोलण्यासारख्या घाईत लिहिला जातो. त्यात पत्राचा पैस नसतो आणि बोलण्यातली तत्काळ दुरुस्तीही नसते. उत्तर मात्र लगेच हवे असते. व्हॉट्सॲपने २०१४ मध्ये निळ्या खुणा आणल्या आणि या अपेक्षेला पुरावाही मिळाला. वाचले आहे, तरी उत्तर नाही! मग तो बसमध्ये उभा होता, शिफ्टवर होता की त्याला काय लिहावे ते सुचत नव्हते, याचा विचार कोण करतो? ‘टायपिंग’ असे दिसते, थांबते, पुन्हा दिसते, आणि शेवटी येते ते ‘ओके’.

बुद्धांनी चांगल्या वाणीची जी पाच लक्षणे अंगुत्तर निकायातल्या वाचा सुत्तात सांगितली आहेत, त्यांत ती वाणी योग्य वेळी बोललेली असावी हे एक आहे. खरी, मृदू, हिताची आणि मैत्रीच्या भावनेने बोललेली, ही बाकीची चार लक्षणे मेसेजमध्येही सांभाळता येतात. वेळ सांभाळणे मात्र पाठवणाऱ्याच्या हातात उरत नाही. आपण दुपारी शांतपणे लिहिलेली कडू गोष्ट समोरचा रात्री दोनला, एकटा असताना उघडतो.

इथवर वाचून मेसेज वाईटच असे वाटेल, तर ते खरे नाही. उलट बाजूचा पुरावाही भक्कम आहे. कॅनडात माँट्रियलच्या एका रुग्णालयात, शरीराचा तेवढाच भाग बधिर करून होणाऱ्या छोट्या शस्त्रक्रियांच्या वेळी एक प्रयोग झाला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. जागे असलेल्या रुग्णांपैकी काहींना शस्त्रक्रिया चालू असताना आपल्या माणसाशी मेसेजवर बोलू दिले, काहींना अनोळखी माणसाशी, काहींना मोबाईलवर गेम खेळू दिला आणि काहींना काहीच दिले नाही. जास्तीचे वेदनाशामक औषध सर्वांत कमी कुणाला लागले? अनोळखी माणसाशी मेसेजवर गप्पा मारणाऱ्यांना. आपल्या माणसाशी होणाऱ्या चॅटमध्ये विषय शस्त्रक्रियेकडे आणि दुखण्याकडे वळत होता, तर अनोळखी माणूस तू कोण, काय करतोस, काय आवडते हे विचारत होता. माणूस खरोखर पलीकडे आहे आणि त्याला माझ्यात रस आहे, एवढे पोहोचले तर अक्षरेही शरीरापर्यंत जातात. विस्कॉन्सिनच्या निष्कर्षाला हा चांगला शह आहे.

आणि काही जणांसाठी मेसेज ही पहिल्यांदाच मिळालेली वाचा आहे. ज्याला ऐकू येत नाही, त्याला फोनने कधीच काही दिले नव्हते. ज्याची जीभ अडखळते त्याला फोन उचलायचा म्हटले की घाम फुटतो. मेसेजवर तोच मुलगा सर्वांत मिश्कील असतो. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात. तिथल्या मुलीला मैत्रिणीशी मनातले बोलायचे असेल तर फोनवर बोलणार कुठे? गच्चीवर गेली तर ‘कुणाशी बोलतेस?’ म्हणून भाऊ मागे येतो. ज्यांच्याकडे स्वतःची खोली आहे तेच ‘मेसेज नको, बोला’ असा सल्ला सहज देऊ शकतात. सासरी त्रास होत असलेल्या बाईला बहिणीशी बोलताना दाराआडून ऐकले जाते. तिच्यासाठी दोन ओळींचा मेसेज हाच दोर असतो. अर्थात तो फोनही तपासला जातो, म्हणून ती लिहिते आणि पुसून टाकते.

तोंडाने न निघणाऱ्या गोष्टीही अक्षरात निघतात. बापाला ‘चुकलो’ म्हणणे आपल्याकडच्या मुलाला जमत नाही, आणि मुलाला ‘तुझा अभिमान वाटतो’ म्हणणे बापाला जमत नाही. तो निकालाच्या दिवशी मुलाचा फोटो स्टेटसला ठेवतो. वर एक शब्दही नसतो. मुलाला ते कळते. याला कमी अर्थाचे कोण म्हणेल? वर्गात, कामाच्या ठिकाणी जातीवरून टोमणे मारणारा, धमकी देणारा माणूस मेसेजमध्ये लिहून जातो तेव्हा तो जपून ठेवण्यासारखा पुरावा होतो. अशा वेळी रागाने ते चॅट डिलीट करू नये, आणि मूळ फोनही जपावा.

पण एक माणूस या सगळ्या चर्चेतून वगळला जातो, तो म्हणजे ज्याला वाचता येत नाही तो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात स्त्रियांचे साक्षरतेचे प्रमाण ७५.८७ टक्के होते. म्हणजे सात वर्षांवरच्या जवळपास चारपैकी एका स्त्रीला लिहिता-वाचता येत नव्हते, आणि त्यात मोठा वाटा वयस्क स्त्रियांचा, म्हणजे आपल्या आई-आज्यांचा होता. ज्या घरातली पहिली पिढी आज विद्यापीठात पोहोचली आहे, त्या घरात मुलाचा मेसेज आईला कोण वाचून दाखवतो? शेजारची मुलगी, नाहीतर धाकटा भाऊ. पूर्वी पोस्टमन पत्र वाचून दाखवी, तसेच. मग मुलगा काय लिहिणार? तिसऱ्याच्या तोंडून आईपर्यंत जाईल तेवढेच. ‘ठीक आहे’ एवढेच.

अशा घरांसाठी व्हॉइस मेसेज ही मोठी गोष्ट आहे. व्हॉट्सॲपवर ती सोय २०१३ मध्ये आली. माइकचे चित्र दाबून धरायचे आणि बोलायचे, एवढे सत्तरीतल्या आजीलाही एका दुपारी शिकवता येते. तिथे हुंकार नाही, मध्येच थांबवून विचारता येत नाही, पण आवाज आहे. आईचा दम लागला आहे का, खोकला बरा झाला का, मागे भांडी वाजताहेत की सामसूम आहे, हे सगळे त्यात येते. आई-वडील गेल्यावर त्यांचे असे मेसेज जपून ठेवणारी कितीतरी माणसे आहेत. फोन बदलताना ते बॅकअपमध्ये गेले का, हे तेवढे पाहावे. आता हे मेसेज दुप्पट वेगाने ऐकण्याचीही सोय झाली आहे. आईचा आवाज दुप्पट वेगाने ऐकून संपवणाऱ्यांना काय म्हणावे!

या विषयात सर्वांत जास्त पणाला लागलेले असते ते सुरुवातीच्या त्या ‘ठीक’मध्ये. शहरात, मोठ्या संस्थेत, पहिल्यांदा इंग्रजीत शिकणारा मुलगा खचत असतो तेव्हा तो ते लपवतो. घरच्यांनी शेत गहाण ठेवून पाठवले आहे, त्यांना काय सांगणार? मेसेज लपवायला फार सोपा आहे. ‘मी ठीक आहे’ ही अक्षरे रडतानाही तितकीच सरळ उमटतात. आवाजाला ते इतके सहज जमत नाही. ‘ठीक आहे’ म्हणायला लागलेला जास्तीचा एक सेकंद आईला कळतो आणि ती म्हणते, ‘काय झालं रे?’ पुष्कळदा सगळे बोलणे त्या प्रश्नानंतर सुरू होते.

म्हणून वसतिगृहात राहणाऱ्यांशी, विशेषतः पहिल्या वर्षाच्या मुलामुलींशी संपर्क ठेवणाऱ्या कार्यकर्त्यांनी नुसत्या ग्रुपवर विसंबू नये. ग्रुपवर उत्तर देणारे देतात. गप्प झालेला तिथे दिसतच नाही. आधी लांब लिहिणारा आता नुसते अंगठे पाठवतो, रात्री तीन-चारला ऑनलाइन दिसतो, प्रोफाइल फोटो काढून टाकतो, उसने घेतलेले पैसे-पुस्तके अचानक परत करू लागतो. यातल्या प्रत्येक गोष्टीचे साधे कारणही असू शकते, पण ते विचारायला मेसेज पुरत नाही. ‘बोलायला वेळ आहे का? पाच मिनिटं फोन करू?’ असा मेसेज करावा आणि मग फोन करावा. त्याने उचलला नाही तर त्याच्या खोलीशेजारच्याला सांगावे. शक्य असेल तर जाऊन भेटावे, चहा प्यावा. पहिली दहा मिनिटे तो अभ्यासाचे आणि क्रिकेटचे बोलेल. ती बोलू द्यावीत. मध्ये शांतता आली तर ती लगेच भरू नये. फोनवर जिचा आपण धसका घेतो ती हीच शांतता.

आणि तो उलट मेसेजवरच मोकळा होत असेल, तर त्याला फोनवर ओढू नये. तिथेच थांबावे, पूर्ण वाक्यांत उत्तर द्यावे, अंगठा देऊ नये, आणि ‘मी आता बसमध्ये आहे, नऊ वाजता निवांत बोलतो’ असे सांगितले तर नऊ वाजता खरोखर बोलावे.

जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार त्याने बोलून दाखवला, लिहून पाठवला किंवा आपल्याला तशी शंका आली, तर ती गोष्ट गुप्त ठेवण्याचे वचन देऊ नये. सरळ शब्दांत विचारावे, त्याला एकटे सोडू नये आणि घरच्या किंवा संस्थेतल्या भरवशाच्या माणसाला लगेच कळवावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत मानसिक आरोग्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र केव्हाही फोन करता येतो आणि मराठीत बोलता येते. पहिल्यांदा नंबर फिरवणे अनेकांना जमत नाही, तेव्हा शेजारी बसून तो आपणच लावून द्यावा आणि पलीकडून आवाज आला की फोन त्याच्या हातात द्यावा.